सडा खाजगी, पाणी गावाचं: प्लॉटिंगला हरकत नेमकी कुठे आणि कशी घ्यायची?

कातळपायथा (रविवार, रात्री ९:१०)

दक्षिण रत्नागिरीतला एक सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं सपाट कातळ. साधारण ४० एकर, चार सातबाऱ्यांत विभागलेला, प्रत्येकावर वीस-पंचवीस नावं, त्यातली निम्मी मुंबईला. वर्षभरात एका विकासकाने बऱ्याच जणांचे हिस्से घेतलेत. 'निसर्गाच्या कुशीत ६० बंगले' अशी जाहिरात फिरतेय. आता पूर्वेच्या उतारावर रस्ता कापायला जेसीबी लागलाय. त्या उतारावर ऐन, किंजळ, जांभळाचं रान आहे. खाली एक व्हाळ (ओढा), एक बारमाही झरा आणि दोन वाड्यांच्या नळपाणी योजनेची विहीर.

गावात दोनच मतं ऐकू येतात. एक, "खाजगी जमीन आहे, आपण कोण विचारणार?" दुसरं, "मोर्चा काढू." पहिल्याने काही होत नाही आणि दुसऱ्याने पेपरात फोटो येतो. खाजगी जमिनीवर गावाला कायद्याने कुठे बोट ठेवता येतं, हे जाणकारांनी सांगावं. भावनिक प्रतिसाद नकोत, ते व्हॉट्सॲपवर भरपूर आहेत.

निवांत (९:२२)

आधी निसर्ग कापायचा आणि मग त्याची कूस विकायची. जाहिरात लिहिणाऱ्याला मानलं!

फेरफार_सहा (९:५८)

कातळपायथा, मोर्चाच्या आधी चार कागद काढा: चारही गटांचे आजचे सातबारे, १९७० पासूनचे सगळे फेरफार, गाव नकाशा आणि खरेदीखतांच्या सूची दोनच्या नकला. सातबारा ऑनलाइन मिळतो, जुने हस्तलिखित उतारे तहसीलच्या अभिलेख कक्षातून घ्यावे लागतात. तो कंटाळा करू नका, खरी गंमत जुन्या उताऱ्यातच असते.

सातबाऱ्यात चार जागा बघा.

'इतर हक्क'. इथे कुळाचं नाव, 'खाजगी वन', 'कलम ३५(३)' (भारतीय वन कायद्याखालची नोटीस), देवस्थान यांपैकी काही असेल तर खेळ बदलतो.

भोगवटादार वर्ग. वर्ग २ असेल तर परवानगीशिवाय विक्री होत नाही. देवस्थान इनाम असेल तर आणखी कडक.

पोटखराबा. 'अ' म्हणजे लागवडीला अयोग्य, सड्याचा बहुतेक भाग यात जातो. 'ब' म्हणजे सार्वजनिक वापराचा भाग: वाट, व्हाळ, तळी, स्मशान. 'ब' मधला गुंठाही कुणाला प्लॉटमध्ये घालता येत नाही. लेआउटमध्ये तो बरेचदा 'बगीचा' म्हणून दाखवलेला असतो.

आणि चौथं, सर्वांत महत्त्वाचं: खरेदी कशाची झालीय? कोकणात जवळजवळ नेहमी अविभक्त हिस्सा विकला जातो. असा हिस्सा घेणाऱ्याला वाटप मागायचा हक्क मिळतो, सड्यावरचा अमुक कोपरा मिळत नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून किंवा दिवाणी न्यायालयातून वाटप होऊन मोजणी झाल्याशिवाय 'हा तुकडा माझा' म्हणून जेसीबी घालणं बेकायदा ठरतं. उरलेल्या सहहिस्सेदारांतल्या एकानेही दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागितला, तर पर्यावरणाचा 'प' न उच्चारता काम थांबू शकतं.

खरेदीचा फेरफार अजून प्रमाणित झाला नसेल तर घाई करा. नमुना ९ ची नोटीस लागल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत द्यायची. हरकत आली की प्रकरण नमुना ६-अ, म्हणजे विवादग्रस्त नोंदवहीत जातं आणि मंडळ अधिकाऱ्याला सुनावणी घ्यावी लागते. मुदत गेली तर प्रांतांकडे कलम २४७ चं अपील, ६० दिवसांत.

तिरकस (१०:०३)

तलाठी आता तलाठी नाहीत बरं, 'ग्राम महसूल अधिकारी' झालेत. ग्रामसेवक 'ग्रामपंचायत अधिकारी'. अर्जावर जुनं पद लिहिलंत तर तेवढ्या कारणावरून परत येईल.

फेरफार_सहा (१०:०६)

परत येणार नाही. पण आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का आपल्या प्रतीवर घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. 'साहेब बाहेर गेलेत, ठेवून जा' हे उत्तर मिळालं तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह.

ऐनकिंजळ (१०:४०)

झाडांबद्दल. 'झाड माझ्या जमिनीत, म्हणून माझं' हे महाराष्ट्रात अर्धंच खरं आहे. १९६४ च्या वृक्षतोड विनियमन कायद्याच्या अनुसूचीत १६ प्रकार आहेत: हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, बिजा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ आणि खारफुटी. ही खाजगी जमिनीतही वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. धाग्यात लिहिलेली तिन्ही झाडं अनुसूचीत आहेत. मोजून ठेवा: प्रजात, छातीच्या उंचीवरचा घेर, जीपीएस. तोडलेलं असेल तर बुंध्याचा घेर आणि बुंध्यावर खडूने क्रमांक घालून फोटो. जेसीबीने मुळासकट उपटलेल्याचा बुंधाही सापडत नाही, म्हणून मोजणी आधी.

दंड मात्र हास्यास्पद. कायद्यातला मूळ आकडा हजार रुपयांपर्यंतचा. तो वाढवायच्या घोषणा झाल्या, पण त्यावर विसंबू नका. दंडापेक्षा माल जप्त होणं ठेकेदाराला जास्त लागतं. रानातून ट्रक बाहेर पडतोय असं दिसलं की वन विभागाच्या १९२६ वर फोन, गाडी नंबर आणि वेळ सांगून.

दुसरा भाग खाजगी वनांचा. १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याने ३० ऑगस्ट १९७५ ला अशी वनं सरकारजमा झाली. म्हणून '३५(३) ची नोंद आहे' म्हटलं की लोक नाचतात. थांबा. सर्वोच्च न्यायालयाने ३० जानेवारी २०१४ ला गोदरेज प्रकरणात स्पष्ट केलं की नुसती नोटीस निघून राजपत्रात छापली जाणं पुरेसं नाही, ती मालकाला बजावलेली हवी, आणि १९५६ ची नोटीस वीस वर्षं धूळ खात पडली असेल तर तिच्या जोरावर जमीन वन ठरत नाही. त्यामुळे नोंद दिसली तर बजावणीचा पुरावा माहिती अधिकारात मागा. शिवाय कलम २२-अ आहे: ज्याची एकूण जमीन १२ हेक्टरच्या आत, त्याला ती परत मिळायची तरतूद. तसा आदेश झालाय का तेही बघा.

तिसरं दार म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा १२ डिसेंबर १९९६ चा गोदावर्मन आदेश: मालकी कुणाचीही असो, शब्दकोशातल्या अर्थाने जंगल असेल तर वन संवर्धन कायदा लागू. २०२३ च्या दुरुस्तीने हे दार बंद झालं अशी हवा होती, पण १९ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने तोच अर्थ तूर्त चालू ठेवलाय.

वरकसवाला (१०:५५)

सगळे वाचवणारे जमलेत, एक न आवडणारी बाजू मांडतो. वरकस (उताराच्या हलक्या) जमिनीवर पूर्वी राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, कवळं (डहाळ्या) तोडायचे, आठ-दहा वर्षांनी रान ठेकेदाराला द्यायचे, त्यात घर शाकारून व्हायचं. आता राब गेला, भात गेलं, पोरं गेली. एकरी उत्पन्न शून्य. 'वन' असा शिक्का बसला तर गोठ्याची भिंतसुद्धा घालता येत नाही, कर्ज मिळत नाही, आणि त्या रानाचं पाणी खालची वाडी फुकट पिते. रान राखल्याबद्दल मालकाला कुणी दमडी दिलीय का? पहिल्यांदाच कुणी एकरी बरा भाव देतोय, तर लगेच जैवविविधता!

निवांत (११:०१)

वरकसवाला, मुद्दा बरोबर आहे, पण खालच्या वाडीत तुमचेही भाऊबंद असतीलच की.

ऐनकिंजळ (११:०९)

मुद्दा बरोबरच आहे, आणि अशा विरोधाचे निम्मे प्रयत्न तो टाळल्यामुळे फसतात. सातबाऱ्यावर शिक्का मारून घ्यायची मोहीम काढली की सगळे छोटे मालक विकासकाच्या बाजूला जातात. इथे विरोध कशाला, हे आधी ठरवा. माझ्या मते उतार कापण्याला आणि झऱ्यावर बांधण्याला. विक्रीला विरोध करून काही साधणार नाही.

मोजणीची_साखळी (सोमवार, सकाळी ७:३०)

उताराचं काम घरबसल्या सुरू करता येतं. एकत्रित विकास नियमावलीत १:५ पेक्षा तीव्र उतार बांधकामाला वर्ज्य धरलेला आहे. १:५ म्हणजे पाच मीटर आडवं गेल्यावर एक मीटर खाली, अंदाजे ११ अंश. डोळ्याला हा उतार सौम्य वाटतो, म्हणून सगळे फसतात.

भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा नकाशा घ्या. समोच्च रेषा (समान उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या) उंचीच्या २० मीटरच्या अंतराने असतात. २० मीटर चढ १०० मीटर आडव्यात आला की १:५. या नकाशावर १०० मीटर म्हणजे २ मिलिमीटर. म्हणजे दोन रेषांतलं अंतर २ मिमीपेक्षा कमी असेल तिथे खुणा करा, तोच तुमचा पट्टा.

मग जागेवर पडताळणी. गवंड्याकडची पाण्याची लेव्हल ट्यूब पुरते. सहा-सात मीटरची पारदर्शक नळी, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही (राहिला की पाच-दहा सेंटिमीटरचा घोळ सहज होतो), दोन काठ्या, एक टेप. टेप जमिनीवर टाकून मोजू नका, आडवा धरा. उतारावर टाकलेला टेप तिरकं अंतर देतो आणि उतार कमी दाखवतो. दर पाच मीटरला नोंद, तीन वेगवेगळ्या रेषांवर. हद्दीच्या बाहेरून, वाटेवरून करा, उगाच अतिक्रमणाची तक्रार अंगावर नको.

नंतर नगररचना कार्यालयात माहितीचा अर्ज: गट क्रमांक अमुक, मंजूर रेखांकन आणि त्यासोबतच्या समोच्च रेषांच्या नकाशाची प्रत. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप. रेखांकन, झाडतोड आणि उत्खनन असे तीन वेगळे अर्ज करा. एकात सगळं कोंबलं की नाकारायला कारण मिळतं.

आता माती. कापलेल्या मुरुमाचं माप ब्रासमध्ये काढा. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. समजा रस्ता ४० मीटर लांब कापलाय, रुंदी १५ मीटर, डोंगराकडच्या बाजूला उंची ३ मीटर आणि दरीकडे शून्य. हा त्रिकोणी काप, म्हणून ४० × १५ × ३ भागिले २ = ९०० घनमीटर, सुमारे ३१८ ब्रास. लोक भागिले दोन विसरतात, दुप्पट आकडा लिहितात, आणि मग महसूलवाले सगळी तक्रारच खोटी ठरवतात.

परवान्याशिवाय गौण खनिज (इथे माती-मुरुम) काढलं तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड, ४८(८) खाली वाहन आणि यंत्र जप्त. पण यात एक खोच आहे. डिसेंबर २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की पाया खणताना निघालेली माती त्याच प्लॉटवर भरावाला वापरली, तर तिच्यावर सरसकट स्वामित्वधन (रॉयल्टी) लागत नाही. त्यामुळे फक्त खड्ड्याचा फोटो काढून उपयोग नाही. माती कुठे जाते ते दाखवा. डंपर हद्दीबाहेर जातोय, दुसऱ्या रस्त्यावर ओततोय, असा तारीख-वेळेसकट पुरावा हवा.

खाजणातला_खेकडा (८:१५)

जेसीबी येता शुक्रवारी सांजच्याक, पंचनामो होता सोमवारी दुपारी. मधी दोन दिस डोंगर गावाक गेललो असता.

कातळपायथा (८:२०)

:D अगदी. मागच्या तिन्ही वेळा शनिवार-रविवारच.

मोजणीची_साखळी (८:२६)

मग शुक्रवारी दुपारी एक फोटो आणि सोमवारी सकाळी एक, त्याच जागेवरून, त्याच चौकटीत. उपग्रहाचीही मदत घ्या. सेंटिनेल-२ ची चित्रं फुकट आहेत, साधारण दर पाच दिवसांनी, १० मीटरचा ठिपका. झाड दिसणार नाही, पण रान साफ होऊन लाल पट्टा पडलेला स्वच्छ दिसतो. पावसाळ्यात ढगांमुळे बोंब.

हिरवळ_हवी (९:०५)

मला वाटतं सकारात्मक काहीतरी करावं. गावाने सड्यावर पाच हजार झाडं लावली तर? उघडाबोडका कातळ हिरवा झाला की विकायला कुणाला हात लावता येणार नाही.

दीपकाडी (९:४८)

हिरवळ_हवी, हेतू चांगला, उपाय घातक. कातळ उघडाबोडका नसतो, तो आठ महिने झोपलेला असतो. त्यावर मातीचा थर काही ठिकाणी बोटभर, काही ठिकाणी वीतभर. जुलै ते सप्टेंबर त्यात गेंद, सीतेची आसवं, दीपकाडी, डबक्यांच्या कडेला इवल्या पाणवनस्पती. यांतल्या काही जाती कोकणाबाहेर सापडत नाहीत. त्यांना ऊन लागतं, सावली आली की संपतात. झाड लावायला मीटरभर लांब, रुंद, खोल खड्डा सुरुंगाने फोडायचा आणि बाहेरची माती भरायची, हे कलमांच्या बागांनी बरंच करून झालंय. दहा मीटरवर एक म्हटलं तरी हेक्टरी शंभर खड्डे. त्यासोबत जे पाणी कातळावर पसरून भेगांतून मुरायचं त्याचा रस्ता बदलतो.

सरकारी पडीक जमिनींच्या यादीत सडे 'ओसाड' म्हणून असतात, सगळा घोटाळा तिथून सुरू होतो. विकासक तोच शब्द वापरतो, वृक्षारोपणवालेही तोच.

कामाचं एक सांगते. या वर्षीचा फुलोरा सुकला असेल तर पुढच्या जुलैची वाट बघत बसू नका. सड्यावर कातळशिल्पं (कातळात कोरलेली प्राचीन चित्रं) आहेत का ते आत्ता बघा. गवत सुकलेलं असताना, सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर, तिरप्या उन्हात रेषा उठून दिसतात. दुपारी बाराला त्यावर उभे राहिलात तरी कळणार नाही. कोकणातली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, बारसूच्या सड्यावरच्या रिफायनरीच्या वादात हाही मुद्दा गाजला. सापडलं तर शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो, जीपीएस, आणि पुरातत्त्व विभागाच्या रत्नागिरी कार्यालयात लेखी. खडू, चुना, पाणी काही ओतू नका.

हिरवळ_हवी (९:५५)

हे माहीत नव्हतं. पाच हजार रोपांचा बेत रद्द!

तिरकस (१०:०२)

पाच हजार रोपं वाचली. हेही संवर्धनच.

कलम_शोधक (११:३०)

लोक लगेच 'पर्यावरण मंजुरी कुठाय' विचारतात, म्हणून गणित मांडतो. २००६ च्या अधिसूचनेत बांधकामाला २०,००० चौ.मी. बांधीव क्षेत्रापासून मंजुरी लागते, टाउनशिपला १,५०,००० चौ.मी. किंवा ५० हेक्टरपासून. इथे ६० बंगले, प्रत्येकी २०० चौ.मी. धरले तरी १२,०००. जमीन ४० एकर म्हणजे १६ हेक्टर. दोन्हीकडे खाली. क्लबहाउस, दुसरा टप्पा, शेजारचा गट धरून वीस हजार ओलांडत असेल तरच हा मुद्दा घ्या, आणि तेव्हा 'एकच प्रकल्प तुकड्यांत दाखवलाय' हे जाहिरातीच्या नकाशाने सिद्ध करा. जनसुनावणीची आशाही नको, बांधकाम प्रकल्पांना त्यातून सूट आहे.

याउलट कुणाच्या लक्षात न येणारा मुद्दा रेराचा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याचा. ५०० चौ.मी. पेक्षा मोठ्या जमिनीचं प्लॉटिंग किंवा आठपेक्षा जास्त युनिट असतील तर महारेरा नोंदणीशिवाय जाहिरातही करता येत नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोडही लागतो. तुमच्याकडच्या पत्रकावर नोंदणी क्रमांक आहे का? नसेल तर पत्रक जपून ठेवा. विकासक म्हणेल 'हे शेतीचे प्लॉट आहेत, रेरा लागत नाही.' ठीक. मग शेतीच्या प्लॉटवर बंगले कसे? आणि बिगरशेतकऱ्याला ते कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे विकणार कसे? दोन्हीपैकी एक त्याला कबूल करावंच लागतं.

कातळपायथा (११:४१)

पत्रक तपासलं. क्रमांक नाही, क्यूआर नाही. 'एनए होण्याच्या मार्गावर' (म्हणजे अजून बिनशेती नाही) असं बारीक अक्षरात आहे.

कलम_शोधक (११:४४)

'मार्गावर' हा शब्द फ्रेम करून ठेवा.

व्हाळ (दुपारी २:१०)

पाण्याचा मुद्दा कुणी घेतला नाही, आणि गाव एकत्र येतं ते त्यावरच.

एक. व्हाळ, नाला, ओढा हे खाजगी गटातून वाहत असले तरी, कुणाचा सिद्ध हक्क नसेल तर संहितेच्या कलम २० नुसार शासनाचे. गाव नकाशावर ती रेष असेल आणि तिच्यात भराव पडत असेल, तर तक्रार 'निसर्गाची हानी' म्हणून करू नका, 'शासकीय मालमत्तेवर अतिक्रमण' म्हणून तहसीलदारांकडे करा.

दोन. खालच्या शेतकऱ्यांच्या मळ्यांत लाल गाळ उतरून पाणी अडलं असेल, तर १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा, कलम ५. अडथळा आल्यापासून सहा महिन्यांत दावा. खर्च किरकोळ, वकील नसला तरी चालतो, तहसीलदार जागेची पाहणी करून अडथळा काढायचा आदेश देऊ शकतात. शंभर वर्षं जुना कायदा, पण अजून चालतो. शेतीपुरताच आहे, पिण्याच्या पाण्याच्या विहिरीसाठी नाही, हे ध्यानात घ्या.

तीन. सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर परवानगीशिवाय घेता येत नाही. साठ बंगले पाणी कुठून आणणार? प्रकल्पाच्या नकाशावर नळपाणी विहिरीभोवती ५०० मीटरचं वर्तुळ काढून ग्रामसभेत लावा, चर्चा आपोआप होईल.

चार, आणि हे आजच सुरू करा: झऱ्याची मोजणी. दहा लिटरची बादली, मोबाइलचं घड्याळ. भरायला २५ सेकंद लागले तर मिनिटाला २४ लिटर, दिवसाला सुमारे ३४,५०० लिटर. तीनदा मोजून सरासरी. महिन्यातून दोनदा, एप्रिल-मेमध्ये दर आठवड्याला, वहीत तारीख आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. उद्या झरा आटला तर 'पूर्वी किती होता?' याचं उत्तर कुणाकडेच नसतं, आणि तक्रार तिथेच मरते.

शिवोलीकर (३:२५)

गोव्यात हाच वाद वेगळ्या कलमांनी चालतो. तिकडे प्रादेशिक आराखड्यातला झोन बदलून घेतात. नगरनियोजन कायद्यातलं १७(२) 'चूक दुरुस्ती'च्या नावाखाली वापरलं गेलं, त्याचे नियम मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रद्द केले. झोनबदलाचं ३९-अ कलम मात्र वेगळं, त्यात हरकतींना ३० दिवस मिळतात. त्यामुळे तिथले लोक रोज राजपत्र चाळतात, दुधाच्या पिशवीसारखं. खाजगी वनाचे निकषही स्पष्ट: पाच हेक्टर, ७५ टक्के वनप्रजाती, पर्णछत्राची ०.४ घनता. महाराष्ट्रात असं एका ओळीत सांगता येत नाही.

ऐनकिंजळ (३:५०)

आणि सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात तर २०१३ पासून उच्च न्यायालयाची वृक्षतोडबंदी आहे. पण तो आदेश त्या पट्ट्यापुरता. रत्नागिरीच्या अर्जात त्याचा दाखला देऊ नका, बाकीचे मुद्देही कच्चे वाटतात.

कलम_शोधक (४:२०)

हरित लवादाबद्दल (पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात) दोन शब्द, कारण कुणीतरी विचारणारच. अर्ज स्वतः चालवता येतो, भरपाई मागायची नसेल तर फी हजार रुपये. कलम १४ खाली वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिने, फार तर आणखी ६० दिवस. बहुतेक अर्ज इथे मरतात, कारण लोक आधी दोन वर्षं निवेदनं देत बसतात आणि निवेदनाने मुदत वाढत नाही.

दुसरं, लवादाला ठरावीक कायद्यांपुरताच अधिकार आहे. वन संवर्धन, पर्यावरण संरक्षण, जल, वायू, जैवविविधता हे यादीत आहेत. वन्यजीव कायदा नाही, राज्याचा वृक्षतोड कायदा नाही, महसूल संहिता नाही. 'किंजळीची ४२ झाडं तोडली' एवढ्यावर अर्ज टिकणार नाही. 'जंगल असलेल्या जागेवर केंद्राच्या पूर्वमंजुरीशिवाय वनेतर काम' असं मांडावं लागेल, आणि ते जंगल आहे हे ऐनकिंजळ यांनी सांगितलेल्या मोजणीतून दिसलं पाहिजे.

वरकसवाला (सायंकाळी ६:३०)

कायदे वाचले, उपयोगी आहेत. माझा प्रश्न तसाच आहे. मालकाला काय?

दीपकाडी (७:०५)

तीन वाटा दिसतात, तिन्हींत खाचखळगे.

संवर्धन करार. संगमेश्वर तालुक्यात हे झालेलं आहे: मालकाने ठरावीक वर्षं रान तोडायचं नाही, त्याबदल्यात मोबदला आणि हिरडा-बेहड्यासारख्या वनोपजाच्या चांगल्या भावाची सोय. मालकी मालकाचीच. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा असेल तर नोंदणी हवी, नाहीतर कोर्टात उभा राहत नाही. आणि सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या, एक राहिला तरी तोच उद्या ठेकेदार घेऊन येतो. करार झाल्यावर पहिलं काम म्हणजे जाळपट्टा: डिसेंबरच्या आत हद्दीने तीनेक मीटर गवत कापून, झाडून. वणवा एकदा घुसला तर पाच वर्षांची रोपं एका दुपारी जातात.

समुदाय राखीव, वन्यजीव कायद्याचं कलम ३६-क. मालक स्वतःहून पुढे आला तर खाजगी जमीनही घोषित होते. पण त्यानंतर जमिनीचा वापर बदलायला समितीचा ठराव आणि शासनाची मान्यता लागते. मागे फिरणं अवघड, हे मालकाला आधी सांगा, लपवू नका.

तिसरी, गावाने किंवा ट्रस्टने जमीन विकत घेणं. ट्रस्ट शेतकरी नसतो, कलम ६३ त्यालाही आडवं येतं, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. विकासकाला लावायचा नियम आपल्यालाही लागतो!

वरकसवाला (७:२०)

पहिली वाट पटते. पण मोबदला एकरकमी नको, वर्षाला हवा. एकरकमी पैसे लग्नात जातात आणि रान नवव्या वर्षी ठेकेदाराकडे.

दीपकाडी (७:२४)

हे करारात पहिल्या कलमात घालण्यासारखं आहे. खालच्या वाडीने नळपाणीपट्टीत थोडी भर घालून झऱ्याच्या वरच्या पट्ट्यापुरता वार्षिक मोबदला दिला, तर तो ४० एकरांसाठी नव्हे, पाच-सहा एकरांसाठी लागेल.

कातळपायथा (रात्री ९:००)

सगळ्यांचे आभार. आता मूळ प्रश्नाकडे. जेसीबी शुक्रवारी परत येणार. हातात चार दिवस आहेत. क्रम काय ठेवू?

फेरफार_सहा (९:१८)

उद्या: सातबारे, फेरफार, गाव नकाशा. विक्री न केलेला एक तरी सहहिस्सेदार शोधा. मुंबईत असेल तर कुलमुखत्यारपत्राची तयारी आत्ताच.

परवा: तहसीलदारांना एकच पानाचा अर्ज. गट क्रमांक, कापलेली लांबी-रुंदी-उंची, ब्रास, व्हाळातला भराव, तीन फोटो. मागणी एकच: पंचनामा आणि तोवर काम थांबवा. प्रती वनपरिक्षेत्र अधिकारी आणि ग्रामपंचायतीला. त्याच दिवशी माहितीचे तीन अर्ज.

ग्रामसभेला सात दिवसांची सूचना लागते, गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १००, जे कमी ते. ठराव बिनशेतीला बंधनकारक नाही, पण 'विरोध असल्याचं आमच्याकडे नोंद नाही' हे उत्तर तरी बंद होतं. ठरावात 'प्रकल्पाला विरोध' लिहू नका. 'गट अमुकमधील १:५ वरील उतार, व्हाळ आणि झऱ्याच्या वरचा पट्टा अबाधित ठेवावा' असं लिहा. वरकसवाल्यांसारखे मालकही त्यावर सही करतील.

वरकसवाला (९:२५)

करतील. सड्याच्या माथ्यावर दहा घरं झाली तर माझी हरकत नाही, उतार नको.

दीपकाडी (९:२७)

माथ्यावरही डबकी सोडूनच!

कातळपायथा (९:४०)

ठीक. बुधवारी सकाळी उतार मोजायचा. लेव्हल ट्यूब कुणाकडे मिळेल?

खाजणातला_खेकडा (९:४२)

गवंड्याकडे असता. पण कित्याक होयी ता सांगू नको, रस्त्याच्या गडग्याचा काम बहुतेक तेकाच गावलला.